चोर्ला मोठा की अनमोड? घाटाची श्रेणी स्वतः ठरवण्याची रीत

पाऊस ओसरला की गोव्यातल्या सायकलवाल्यांत एक वाद हमखास रंगतो: कर्नाटकाकडे चढणाऱ्या दोन घाटांपैकी चोर्ला मोठा की अनमोड? कोणी मोबाइल पुढे करून ‘कॅट टू (दुसऱ्या श्रेणीचा) आहे हा’ म्हणतो, कोणी ‘अरे, तिथे पंधरा टक्के चढ आहे’ असे छातीठोकपणे सांगतो, आणि या दोघांच्या भरवशावर नवखा माणूस मागे २८ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) घेऊन घाटात शिरतो. अर्ध्या वाटेत तो सायकल ढकलताना दिसतो. आकडे खोटे नसतात. ते कशाचे आकडे आहेत, हे कोणी विचारलेले नसते.

इथे घाटांची तयार क्रमवारी दिलेली नाही. कुठलाही चढ स्वतः मोजून त्याला श्रेणी कशी द्यायची आणि त्या श्रेणीवरून गिअर, वेळ आणि पाणी कसे ठरवायचे, एवढेच सांगितले आहे. उदाहरणातला घाट काल्पनिक आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून तो बेतला आहे, चोर्ला किंवा अनमोड म्हणून वाचू नका.

टप्पा १ : उंचीची माहिती गोळा करा, पण लगेच विश्वास ठेवू नका

लागणारे साहित्य थोडे आहे: उंचीचा आलेख दाखवणारे एखादे मार्ग-आखणीचे ॲप, कागद किंवा एक्सेल, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आणि शक्यतो हवेच्या दाबावर उंची मोजणारा सायकल कॉम्प्युटर. शेवटच्या टप्प्यासाठी गवंड्याकडची पाणसळ मागून आणा.

ॲपमधली उंची बहुधा उपग्रह किंवा अवकाशयानातून मिळालेल्या रडारच्या मोजणीतून येते. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची असते. सपाट शेतात हे चालते. घाटात मात्र रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला दरी. नकाशावर रस्त्याची रेघ दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे सरकली, तरी उंची दरडीच्या माथ्याची नाहीतर दरीच्या उताराची घेतली जाते. मोले किंवा सत्तरीच्या दाट जंगलात आणखी एक भानगड होते. रडारला झाडांचे शेंडे दिसतात, त्यामुळे गर्द झाडी संपून मोकळा भाग लागला की आलेखात नसलेला उतार उमटतो. आलेखावर अचानक २२ टक्क्यांचा सुळका दिसला तर आधी हीच शंका घ्यायची.

दाबावर चालणारे यंत्र याहून बरेच बरे, पण त्याचीही खोड आहे. दाबात एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत सुमारे आठ मीटरचा फरक. आपल्या पट्ट्यात पहाटे चारच्या सुमारापासून सकाळी दहापर्यंत हवेचा दाब रोज दोन-तीन हेक्टोपास्कलने वाढतो. पहाटे निघून नऊला माथ्यावर पोचलात, तर यंत्र चढलेली उंची दहा-वीस मीटरने कमी दाखवू शकते. घाम किंवा पावसाचे पाणी सेन्सरच्या छिद्रात गेले की मग काही विचारूच नका.

*तपासा:* निघताना माहीत असलेल्या उंचीवर यंत्र जुळवून घ्या. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. अनमोडला जाणाऱ्यांना कुळे स्थानक वाटेवरच म्हणावे इतके जवळ आहे. एकूण चढाचा ताळा नकाशावर घ्या. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या दर २० मीटरला एक अशा असतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजून २० ने गुणा. ॲपच्या आकड्यात आणि यात ४० मीटरपेक्षा जास्त तफावत आली तर ॲपचा आकडा बाजूला ठेवा.

टप्पा २ : पायथा कुठला, माथा कुठला?

सर्वांत जास्त गफलत इथे होते, म्हणून इथे वेळ घालवा.

चोर्ल्याचे बघा. साखळीहून केरीकडे जाणारा रस्ता वरखाली होत जातो. खरा घाट केरी सोडल्यावर, अंजुणे धरणाच्या परिसरापासून अंगावर येतो. कोणी साखळीच्या बाजारातून मोजतो, कोणी केरीतून, कोणी धरणाजवळून. तिघांची सरासरी वेगळी येते आणि मग वाद सुरू होतो. अनमोडलाही मोले नाक्यापासून मोजायचे की चढ पक्का झाल्यापासून, हा प्रश्न असतोच.

नियम साधा ठेवा. सलग ५०० मीटर तरी चढ ३ टक्क्यांच्या (शंभर मीटरमागे तीन मीटर) वर राहिला, तर त्या पाचशे मीटरची सुरुवात हा पायथा. माथा म्हणजे रस्त्यावरचा सर्वांत उंच बिंदू. पण त्याच्या आधी एक किलोमीटरहून जास्त सपाटी असेल, तर सपाटी सुरू होते तिथेच चढ संपला असे धरा.

पायथा चुकल्याने काय होते ते आकड्यांत पाहू. समजा एक घाट ८ किलोमीटरचा आहे, पायथा ९० मीटरवर, माथा ५३० मीटरवर. चढ ४४० मीटर, सरासरी ५.५ टक्के. आता कोणी अलीकडचा ४ किलोमीटरचा जवळजवळ सपाट रस्ताही त्यात जोडला, ज्यात एकूण ४० मीटर चढ आहे. घाट १२ किलोमीटरचा झाला आणि सरासरी ४ टक्क्यांवर आली. चढ तोच, पाय तेच. तरी पुढे टप्पा ४ मध्ये येणाऱ्या दोन पद्धतींपैकी एक म्हणते घाट अवघड झाला आणि दुसरी म्हणते सोपा झाला. एकाच घाटाबद्दल दोन जण तावातावाने भांडत असतील, तर आधी दोघांचा पायथा विचारून घ्या.

*सावध:* मध्येच उतार असेल तर ‘माथा वजा पायथा’ हे गणित अपुरे पडते. ३० मीटरचा उतार असेल, तर गमावलेले ३० मीटर पुन्हा चढावे लागतात. निव्वळ चढ ४४०, पण प्रत्यक्ष चढ ४७०. दोन्ही आकडे लिहा. श्रेणीसाठी निव्वळ वापरा, वेळेच्या अंदाजासाठी प्रत्यक्ष.

टप्पा ३ : किलोमीटरवार तक्ता करा

श्रेणीचा एकच आकडा काढून थांबणाऱ्यांचा घाटात घात होतो. प्रत्येक किलोमीटरला किती मीटर चढ आहे ते लिहून काढा. आपला काल्पनिक घाट असा:

पहिला किमी ३० मीटर
दुसरा ४०
तिसरा ७५
चौथा ९०
पाचवा २०
सहावा ५५
सातवा ८५
आठवा ४५

बेरीज ४४०. हजार मीटरमागचा चढ असल्यामुळे टक्केवारी लगेच कळते: ९० मीटर म्हणजे ९ टक्के. सरासरी ५.५ म्हणून निघालेल्या माणसाला तिसऱ्या आणि चौथ्या किलोमीटरला मिळून सव्वाआठ टक्के चढायचे आहे. तिथून पाचव्यात श्वास परत येतो, आणि सातव्याला पुन्हा साडेआठ टक्के. पहिले दोन किलोमीटर सोपे लागतात म्हणून जोर काढणारा सातव्यात उतरून चालतो. असला घाट एकसारख्या साडेपाच टक्क्यांच्या घाटापेक्षा नक्कीच अवघड, पण सरासरीत दोघे जुळे भाऊ.

शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडू नका. अचूकता वाढल्यासारखी वाटते, पण पहिल्या टप्प्यातल्या उंचीच्या चुका त्यात मोठ्या होऊन येतात. घाटाला एक किलोमीटर आणि पणजीच्या आल्तिनोसारख्या छोट्या चढाला दोनशे मीटर, इतके पुरे.

*तपासा:* तक्त्याची बेरीज आणि ‘माथा वजा पायथा’ जुळायलाच हवेत. उतार असेल तिथे उणे चिन्ह घातले का, तेही पाहा.

टप्पा ४ : तीन आकडे काढा

*पहिला, ॲपचा गुणांक.* स्ट्राव्हा हे सायकलस्वारांचे ॲप लांबी मीटरमध्ये आणि सरासरी चढ टक्क्यांत घेऊन दोहोंचा गुणाकार करते. ८,००० च्या वर गेले की चौथी श्रेणी, १६,००० ला तिसरी, ३२,००० ला दुसरी, ६४,००० ला पहिली आणि ८०,००० च्या पुढे ‘ऑर कॅटेगरी’, म्हणजे श्रेणीपलीकडचा. सरासरी निदान ३ टक्के असावी लागते. श्रेणीचा आकडा लहान तितका घाट मोठा. हे उलटे वाचणारेही भेटतात. गार्मिनच्या सायकल कॉम्प्युटरचे हिशेब याच धर्तीचे आहेत.

आता या गुणाकाराकडे नीट पाहा. लांबी गुणिले टक्के म्हणजे चढलेले मीटर गुणिले शंभर, दुसरे काही नाही. म्हणजे ८० मीटर चढलात की चौथी, १६० ला तिसरी, ३२० ला दुसरी, ६४० ला पहिली, ८०० ला श्रेणीपलीकडे. ही श्रेणी फक्त एकूण उंची सांगते. चढ किती उभा आहे, हे तिला कळतच नाही. आपला घाट: ८,००० × ५.५ = ४४,०००, दुसरी श्रेणी.

*दुसरा, फीट्स निर्देशांक.* ‘फीट्स’ या डच सायकल मासिकाच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब. चढलेल्या मीटरांचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीच्या (मीटरमध्ये) दहापटीने भागायचे. माथा १,००० मीटरच्या वर असेल तर वरच्या दर हजार मीटरला एक या हिशेबाने भर घालतात. गोव्यातून वर जाणारे घाटरस्ते हजार मीटरच्या आत संपतात, त्यामुळे ही भर विसरून जा. आपला घाट: ४४० × ४४० ÷ ८०,००० = २.४२.

इथे चढाचा उभेपणा धरला जातो. फरक छोट्या चढांवर उठून दिसतो. एक चढ १.२ किलोमीटरचा, १० टक्क्यांचा. दुसरा ३ किलोमीटरचा, ४ टक्क्यांचा. दोन्हींत १२० मीटर चढायचे. ॲप दोघांना १२,००० गुण देऊन चौथ्या श्रेणीत बसवते. फीट्समध्ये पहिला १.२ आणि दुसरा ०.४८, म्हणजे अडीचपट. ज्याने फर्मागुढीची चढण आणि पारोड्याच्या पर्वतावर चंद्रनाथाकडे जाणारा रस्ता दोन्ही केले आहेत, त्याला हे पायांनी ठाऊक असते.

आता टप्पा २ मधला सपाट जोड आठवा. ॲपचा गुणांक ४४,००० वरून ४८,००० वर चढतो, फीट्स २.४२ वरून १.९२ वर उतरतो.

फीट्स तक्त्यावरून किलोमीटरवार काढून बेरीज केलीत तर आणखी खरे चित्र मिळते. प्रत्येक किलोमीटरच्या चढाचा वर्ग, भागिले १०,०००. आपल्या घाटाची बेरीज २.८९ येते. एकसारख्या साडेपाच टक्क्यांच्या घाटाची २.४२ च राहते. वरखाली स्वभावाची किंमत या फरकात दिसते.

*तिसरा, सर्वांत वाईट किलोमीटर.* आपल्याकडे चौथा, ९ टक्के. गिअर निवडताना मला यापेक्षा उपयोगी आकडा दुसरा वाटत नाही. ‘कमाल चढ’ म्हणून सांगितला जाणारा पंधरा-अठरा टक्क्यांचा आकडा बहुधा वीस मीटरचा असतो. तो उभे राहून दोन दमात पार होतो. किलोमीटरभराचे ९ टक्के तसे पार होत नाहीत.

*सावध:* ‘टूर दि फ्रान्स’मधल्या श्रेणीशी तुलना करू नका. तिथे श्रेणी आयोजक ठरवतात. लांबी आणि चढाबरोबर तो घाट त्या दिवसाच्या शर्यतीत सुरुवातीला येतो की शेवटाला, याचाही विचार होतो. त्यामुळे एकाच घाटाची श्रेणी वेगळ्या वर्षी वेगळी असू शकते. स्पेनच्या ‘व्हुएल्ता’ शर्यतीत तर चौथी श्रेणीच नाही. तिसरीपासून सुरुवात आणि सर्वांत वर ‘एस्पेसियाल’. प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक नाव सांगतो: फ्रान्सचा आल्प द्युएझ १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्क्यांचा. ॲपच्या हिशेबाने १,११,००० च्या पुढे, फीट्समध्ये दहाच्या आसपास.

टप्पा ५ : ऋतू आणि रस्ता यांची टीप जोडा

श्रेणीच्या आकड्यात हे मिसळू नका, शेजारी लिहा. मिसळले की घाटांची तुलनाच करता येत नाही.

खराब डांबर: चाकाचा रस्त्याशी होणारा विरोध दुप्पट झाला, तर चढ अर्ध्या टक्क्याने वाढल्यासारखा लागतो. पावसाळ्यानंतर खडी उघडी पडलेल्या रस्त्याला हे लागू.

दमट हवा: चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटर. अंगाला वारा लागत नाही, घाम वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये नऊनंतर घाट चढायला घेणे हा शहाणपणा नव्हे. तासाला एक बाटली पाणी ही माझी किमान अट आहे आणि केरीत किंवा मोल्यात बाटल्या भरल्याशिवाय वर जायचे नाही.

पाऊस: सावलीतल्या कडेला शेवाळ धरते, दरडीची लाल माती वळणावर वाहून येते. शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्या आडव्यातिडव्या लागलेल्या असतात आणि तुमची लय मोडते. दरड कोसळली की रस्ता बंद किंवा एकेरी होतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

वाहने: अनमोडला ट्रक, काणकोणच्या करमल घाटात राष्ट्रीय महामार्गाची सगळी वर्दळ. करमल चढाने सोपा आहे, म्हणून नवख्याला तिथे पाठवणारे वाहतूक विसरतात.

जंगलात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. उजाडताना आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. थांबा, त्यांना जाऊ द्या.

टप्पा ६ : आकड्यावरून गिअर ठरवा

सायकलस्वार ७० किलो, सायकल ११, पाणी-हत्यारे-नाश्ता ४: एकूण ८५ किलो. बरा सराव असलेला माणूस तासभर १५० वॉट देतो असे धरू. ८ टक्के चढावर त्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या थोडा वर राहतो, १० टक्क्यांवर सव्वासहाच्या आत येतो. हे गुरुत्वाकर्षणाचे गणित आहे, जिद्दीने फार बदलत नाही.

रोड बाइकच्या चाकाचा एक फेरा सुमारे २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात तेवढेच अंतर. मागे २८ असतील तर २.५५ मीटर. आता बघा:

८ टक्क्यांवर: ३४-३४ ला मिनिटाला ६० फेरे, ३४-२८ ला ५०.
१० टक्क्यांवर: ३४-३४ ला ४९ फेरे, ३४-२८ ला ४०.

चाळीस फेऱ्यांवर एखादे मिनिट निघते. किलोमीटरभर तसे गेलात तर गुडघे बोलू लागतात. सर्वांत वाईट किलोमीटरला केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ५० च्या खाली जात असेल, तर घाट बदला नाहीतर कॅसेट बदला. पुढे २८ आणि मागे ३४ असलेली हायब्रिड सायकल ६० फेऱ्यांना ताशी ६.२ किलोमीटर जाते, म्हणजे १० टक्क्यांसाठी जवळजवळ मापाचीच. तिला हसणारे रोड बाइकवाले सातव्या किलोमीटरला तिच्या मागे दिसतात.

*तपासा:* मोठी कॅसेट बसवण्याआधी मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) किती दात्यांपर्यंत झेपतो, ते मेकॅनिककडून पाहून घ्या. साखळीची लांबीही बदलावी लागते. नवी जोडणी आधी आल्तिनोवर चालवून बघा. पहिला प्रयोग घाटात नको.

वेळेसाठी सोपी रीत: नवख्याने ताशी ४०० ते ५०० मीटर उंचीचा हिशेब धरावा. ४४० मीटरला एक तास. किलोमीटरवरून वेळ काढू नका. सपाटीचा वेग डोक्यात असतो, तो घाटात फसवतो.

टप्पा ७ : रस्त्यावर जाऊन पडताळा

तक्त्यातला सर्वांत उभा भाग एकदा पायी बघा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी रस्त्याच्या दिशेने ठेवा, वर पाणसळ धरा आणि उताराकडचे टोक उचलत जा. बुडबुडा मधोमध आला की ते टोक रस्त्यापासून किती सेंटिमीटर वर आहे ते मोजा. नऊ सेंटिमीटर म्हणजे नऊ टक्के. पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या, एखाद्या उंचवट्यावर पट्टी टेकली की आकडा बिघडतो. मोजताना एक जण वरच्या वळणावर उभा हवाच.

वळणांचा कंगोरा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तीव्र वळणाच्या आतल्या कडेला रस्ता बाहेरच्यापेक्षा बराच उभा असतो, कारण तितकीच उंची कमी अंतरात गाठायची असते. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे चढताना डाव्या वळणाला आपण आतल्या, उभ्या बाजूने जातो आणि उजव्या वळणाला बाहेरच्या, सौम्य बाजूने. तक्त्यात डावी तीव्र वळणे खुणेने दाखवा आणि त्यांच्या आधीच गिअर हलका करा. वळणात, ताण असताना गिअर बदलला की साखळी उतरते.

*सावध:* सौम्य वाट मिळावी म्हणून डाव्या वळणाला रस्त्याच्या मध्यावर जाऊ नका. वरून येणारा ट्रक तिथेच वळण कापतो.

टप्पा ८ : एका ओळीत नोंद

सगळे झाल्यावर घाटाची नोंद अशी लिहा: ‘८ किमी, निव्वळ ४४० मी, सरासरी ५.५ टक्के, ॲप श्रेणी २, फीट्स २.४ (किलोमीटरवार २.९), वाईट किमी चौथा, ९ टक्के; पायथा अमुक पुलाजवळ.’ पायथ्याची खूण नसलेली नोंद दुसऱ्याच्या कामाची नाही. खुणेसाठी पूल, देऊळ किंवा किलोमीटरचा दगड घ्या. चहाची टपरी नको, ती पुढच्या हंगामात हललेली असते.

उताराची नोंद वेगळ्या ओळीत करा, कारण चढाची कुठलीही श्रेणी उतरणीबद्दल काही सांगत नाही. वाईट किलोमीटर, डावी-उजवी तीव्र वळणे, लाल माती येणारी ठिकाणे तिथे लिहा. रिम ब्रेक असलेल्यांनी ओल्या रस्त्यावर पहिल्या दाबात पकड मिळणार नाही हे धरून वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके लावून रिम पुसून घ्यावी. सलग दाबून धरू नये. आळीपाळीने पुढचा-मागचा ब्रेक वापरत, दर दोन किलोमीटरला रुंद जागा बघून थांबावे आणि रिम किती तापली आहे याचा अंदाज बोट जवळ नेऊन घ्यावा, टेकवून नव्हे.